मान न मोडता सिस्टीन चॅपेल

सिस्टीन चॅपेल म्हणजे व्हॅटिकनमधलं, मायकेलअँजेलोने छत रंगवलेलं पोपचं प्रार्थनाघर. ते रिकामं बघायला मिळणं ही तशी खास लोकांची चैन. पोप, तिथले पहारेकरी, सकाळी किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारं उघडणारा माणूस, बस. पण व्हॅटिकनच्या साईटवर ते फुकट बघता येतं, लॉगिन नाही, तिकीट नाही, आणि हे आजचं नाही बरं का, 2010 पासून आहे. अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या लोकांनी व्हॅटिकनबरोबर मिळून ही व्हर्च्युअल टूर केली, हजारो फोटो काढून एकमेकांना जोडले. माऊसने धरून ओढलं की खोली फिरते, झूम केलं की छत खाली येतं. इतकंच. कुठे क्लिक केल्यावर माहितीचा डबा उघडत नाही, कुणी गाईड कानात बोलत नाही, आणि मला वाटतं तेच बरंय.

माझी मावसबहीण प्रत्यक्ष जाऊन आलीये. तिच्याकडून जे ऐकलं ते असं की व्हॅटिकन म्युझियमच्या लांबच लांब गॅलऱ्यांतून गर्दी तुम्हाला आपोआप पुढे ढकलत नेते, शेवटी एका साध्याशा दारातून आत येता, सगळ्यांची तोंडं वर, कुणी कुणाच्या पायावर पाय देतंय, आणि दर काही मिनिटांनी पहारेकरी ओरडतो, सिलेन्झिओ! नो फोटो! म्हणजे शांतता राखा असं ओरडून सांगायचं. थोड्या वेळाने मान धरली आणि ती बाहेर पडली. "काय बघितलंस?" विचारलं तर म्हणाली, "आदामाचं बोट, आणि खूप लोकांची डोकी." व्हॅटिकन म्युझियममध्ये वर्षाला 60 लाखांच्या वर माणसं येतात आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण या खोलीत येणारच, तेव्हा दुसरं काय होणार.

खोली म्हणाल तर आयताकृती खोका आहे. लांबी 40.9 मीटर, रुंदी 13.4, उंची 20.7. बायबलमधल्या शलमोनाच्या मंदिराच्या मापावरून ही मापं घेतली असं सांगतात. चौथा सिक्स्टस नावाच्या पोपने बांधून घेतली, त्याच्यावरून सिस्टीन, आणि 15 ऑगस्ट 1483 ला, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला तिचं अर्पण झालं. मे 2025 मध्ये नवा पोप निवडताना टीव्हीवर सगळे ज्या धुराड्याकडे डोळे लावून बसले होते ते याच छपरावरचं. 133 कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारे वरिष्ठ धर्मगुरू, आत बसले होते, मतपत्रिका जाळायला ओतीव लोखंडाची शेगडी आत आणून ठेवतात, तिला जोडून दुसरी असते धुराला रंग द्यायला. टूरमध्ये यातलं काही दिसत नाही, फक्त रंगीत दगडांची नक्षी केलेली फरशी दिसते, गोल गोल वेटोळी, जिच्याकडे प्रत्यक्षात कुणीही बघत नसणार कारण तिच्यावर लोक उभे असतात. मी सुरुवातीला बराच वेळ फरशीच बघत बसले. सुंदर आहे.

भिंतींकडेही कुणी बघत नाही, आणि भिंतींवर कुणाची चित्रं आहेत तर बोत्तिचेल्ली, पेरुजिनो, गिर्लांदायो, रोस्सेली. दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये यातला एकजण असता तरी त्यावर ते चर्च चाललं असतं. 1481-82 मध्ये या मंडळींनी एका भिंतीवर मोशेची गोष्ट आणि समोर येशूची अशी समोरासमोर काढली. आता यात गंमत अशी की दोन्ही गोष्टी पहिल्या प्रसंगापासून सुरू होत नाहीत, दुसऱ्यापासून होतात. पाण्यात सापडलेला बाळ मोशे नाही, येशूचा जन्म नाही. कारण ते दोन्ही प्रसंग पेरुजिनोने वेदीच्या भिंतीवर काढले होते आणि पन्नासेक वर्षांनी मायकेलअँजेलोला अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी येशू सगळ्यांचा निवाडा करतो ते, चित्र काढायला ती अख्खी भिंत लागली, मग ते गेले. बुजवले, खरडले, संपलं. त्यात मायकेलअँजेलोने स्वतः तरुणपणी रंगवलेले दोन कमानीखालचे भागही गेले, म्हणजे निदान भेदभाव केला नाही. बाजूच्या भिंतींवरची पेरुजिनोची चित्रं मात्र अजून आहेत, त्यातलं एक म्हणजे येशू पेत्राला स्वर्गाच्या किल्ल्या देतोय ते. मागे मोकळंच्या मोकळं फरसबंद मैदान, छोटी छोटी माणसं. झूम करून बघा, वेळ सार्थकी लागतो.

आता छत.

आधी तिथे निळ्या रंगावर सोनेरी चांदण्या होत्या. 1504 मध्ये छताला मोठी चीर पडली, डागडुजी झाली, चांदण्यांचा विचका झाला आणि दुसरा ज्यूलिअस, जो सिक्स्टसचा पुतण्या, त्याने हे काम मायकेलअँजेलोच्या गळ्यात मारलं. तो म्हणत होता मी शिल्पकार आहे, रंगारी नाही. ते खरंही होतं. 1508 ला सुरू केलं, 1512 मध्ये ऑक्टोबरअखेर पूर्ण. आणि तो पाठीवर झोपून रंगवत होता हे जे आपण सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं ते चूक आहे, तो उभा राहून, डोकं मागे टाकून रंगवत होता. त्याने स्वतः यावर एक विनोदी कविता करून मित्राला पाठवली आणि शेजारी चित्रही काढलं, हात वर करून छताला ब्रश लावणारा माणूस. मान मोडलीये, दाढी आभाळाकडे, तोंडावर रंगाचे थेंब पडतायत, अशी तक्रार. परांचीसुद्धा त्याने जमिनीपासून नाही उभारली, खिडक्यांच्या वरच्या पातळीवर भिंतीत आधार खोचून त्यावर माळा केला, त्यामुळे खाली प्रार्थना चालू राहिल्या आणि वर हा.

त्या माळ्यावरून छत हाताच्या अंतरावर होतं. हे लक्षात ठेवा कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

दाराच्या बाजूला या आणि छताच्या मधल्या पट्ट्यातलं दुसरं चित्र शोधा, जलप्रलय. मायकेलअँजेलोने छतावर सुरुवातीला रंगवलेल्यांपैकी हे. झूम करत जा. डावीकडे लोक टेकडी चढतायत. एकाने बायकोला पाठीवर घेतलंय. एका बाईने स्टूल उलटं करून डोक्यावर घेतलंय आणि त्यात भांडीकुंडी भरलीयेत. मला या बाईने पकडूनच ठेवलं. जग बुडतंय, देवाने ठरवलंय की नोहाचं घर सोडून कुणालाच वाचवायचं नाही, आणि ही भांडी घेऊन निघालीये. पूर बघितलेल्या कुणालाही ही बाई अनोळखी वाटणार नाही. मध्ये एक होडी, तिच्यात इतके लोक चढायला बघतायत की ती उलटणार, आणि आतला एकजण चढणाऱ्याला मारायला हात उगारून उभा. उजवीकडे खडकावर तंबूसारखं कापड बांधून लोक गोळा झालेत. आणि सगळ्यात मागे, दूर, नोहाचं तारू, पेटीसारखं, शांत.

लॅपटॉपवर हे छतावरचं सगळ्यात भारी चित्र आहे. माझ्यासाठी तरी. आणि चॅपेलमध्ये उभं राहून बघितलं तर हेच सगळ्यात फसलेलं! वीस मीटरवरून ही पन्नास-साठ माणसं म्हणजे नुसता गुंता दिसतो, स्टूल कुठलं, बाई कुठली. मावसबहिणीला विचारलं, तिला हे चित्र आठवतच नाहीये. मायकेलअँजेलोलाही ते कळलं असणार. 1510-11 च्या सुमाराला निम्मं काम झाल्यावर परांची हलवली, त्याला पहिल्यांदा खालून नीट बघायला मिळालं, आणि त्यानंतरची चित्रं बघा. वेदीकडे सरकत जाल तशी माणसं कमी होत जातात आणि मोठी होत जातात. देव आदामाला जीव देतो त्या चित्रात एकीकडे आदाम, दुसरीकडे देव आणि त्याच्या झग्यात शिरलेली मंडळी, मधे रिकामी जागा. शेवटी शेवटी तर प्रकाश आणि अंधार वेगळे करणारा एकटा देव उरतो, वर हात करून गिरक्या घेणारा, आणि तो त्याने एका दिवसात रंगवला. ओल्या गिलाव्यावर रंग लावायचा असल्यामुळे रोज जेवढं होईल तेवढाच गिलावा करायचा, त्यामुळे त्याच्या जोडावरून तज्ज्ञांना दिवस मोजता येतात. सुरुवातीच्या चित्रांत रेखाटन उतरवायला कागदाला भोकं पाडून वरून कोळशाची पूड थापटायचा, आपण रांगोळीचे छाप मारतो तसं, पुढे पुढे कंटाळा म्हणा किंवा हात बसला म्हणा, कागदावरून टोकदार काडीने सरळ गिलाव्यात रेघ ओढायला लागला.

बायबलच्या क्रमाने गोष्ट वेदीपासून दाराकडे येते आणि त्याने रंगवली मात्र साधारण दाराकडून वेदीकडे. म्हणजे गोष्टीत देव आधी आणि नोहा नंतर, पण रंगवणाऱ्याने नोहावर हात साफ करून मग देव काढला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

तर झूममुळे काय होतं, आपण त्याच्या माळ्यावर जाऊन बसतो. जिथे फक्त तो आणि त्याचे मदतनीस बसले होते. हे भारीच आहे, पण त्याने ज्या अंतरासाठी चित्र काढलं ते अंतरच आपण खाऊन टाकतो. म्हणून टूर उघडल्यावर आधी अजिबात झूम न करता एक चक्कर मारा आणि कुठली चित्रं तेवढ्यावरही ओळखू येतायत ते बघा. जी येतात ती त्याने शिकल्यानंतर काढलेली आहेत.

जलप्रलयाच्या आसपास अजून एक बघण्यासारखं आहे. प्रत्येक छोट्या चित्राच्या चार कोपऱ्यांवर उघडी तरुण मुलं बसलीयेत, एकूण वीस. पण दाराच्या बाजूला, नोहा दारू पिऊन पडलाय त्या चित्राच्या कोपऱ्यात एक मुलगा जवळजवळ नाहीच. नुसता कोरा गिलावा. 1797 मध्ये जवळच्या कास्तेल सांत'आंजेलो किल्ल्यात दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला, त्या हादऱ्याने तो पडला आणि जलप्रलयातल्या आकाशाचाही एक तुकडा पडला. पुन्हा कुणी रंगवला नाही. बरं केलं.

आणि मग त्या काळ्या खपल्या. बारकाईने शोधलंत तर छतावर आणि कोपऱ्याकोपऱ्यांत छोटे गडद चौकोन दिसतात, मला आधी स्क्रीनवर डाग पडलाय असं वाटलं आणि मी ओढणीने पुसला. ते मुद्दाम ठेवलेत. 1980 ते 1994 या काळात जानलुईजी कोलालुच्ची यांच्या टीमने छत आणि वेदीची भिंत साफ केली तेव्हा आधी काय होतं ते दाखवायला थोडा मळ तसाच सोडला. तो चौकोन जवळ आणून त्याच्या शेजारचा गुलाबी, पोपटी, नारिंगी रंग बघा, विश्वास बसत नाही. शतकानुशतकांच्या मेणबत्त्यांची काजळी, शिवाय आधीच्या दुरुस्तीवाल्यांनी रंग खुलावेत म्हणून फासलेला प्राण्यांच्या चरबी-कातड्याचा सरस, तो काळा पडत गेला.

इथे आई मागे येऊन उभी राहिली होती. तिचा प्रश्न फार मुद्द्याचा होता. "अगं, एवढ्या उंचावर हे पुसतात कसं?"

म्हटलं, आई, 1625 मध्ये कापडाने आणि पावाने पुसलं होतं.

"पावाने?"

हो, पाव घासून. आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक वाईनमध्ये स्पंज बुडवून. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आणि तू मला ओट्याला व्हिनेगर लावू देत नाहीस," म्हणाली आणि गेली.

1980 च्या सफाईवरून प्रचंड भांडणं झाली होती हेही सांगायला हवं. विरोधकांचं म्हणणं असं की मायकेलअँजेलोने गिलावा वाळल्यावर वरून काही छाया, काही बारकावे दिले होते, तेही मळाबरोबर गेले. एका त्रिकोणातल्या आकृतीचे डोळे ते पुरावा म्हणून दाखवतात, आता तिथे बुबुळंच नाहीत. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणजे रंग बघून कोलालुच्चींना हात जोडावेसे वाटतात आणि ते रिकामे डोळे बघून पोटात गोळा येतो. पैसा कुणाचा होता तर जपानच्या निप्पॉन टेलिव्हिजनचा, त्या बदल्यात त्यांना कामाच्या फोटोंचे आणि चित्रीकरणाचे हक्क मिळाले. फोटोबंदी तिथून सुरू झाली. हक्क कधीच संपले, बंदी राहिली, आता कारण गर्दी आणि फ्लॅश. गंमत बघा, जिथे तुम्ही मोबाईल काढलात तर पहारेकरी अंगावर येतो तिथले हजारो फोटो तुम्हाला घरी बसून बघता येतात.

इटालियन दुरुस्तीवाल्यांचा विषय निघालाच आहे तर आपलं अजिंठा. निजाम सरकारने 1920 च्या सुमाराला लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघांना इटलीहून बोलावलं, सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, ते काम मोलाचं होतं, पण वरून शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वार्निशचा हात दिला आणि तो पुढे पिवळा पडला, काळवंडला, नंतरच्यांना तो काढत बसावं लागलं. तंत्र वेगळं, अजिंठ्याला चित्रं कोरड्या लेपावर आहेत, पण रोग तोच. चित्र खुलवायला लावलेलंच चित्र झाकत जातं. अजिंठ्याच्या काही लेण्यांतल्या अंधारात डोळे ताणून उभं राहिलेल्या प्रत्येकाला सिस्टीनचा तो काळा चौकोन लगेच कळेल.

वेदीची भिंत, अंतिम न्याय. छतानंतर चोवीस वर्षांनी सुरू केलं, 1536 ते 1541, तोवर मायकेलअँजेलो साठीला आलेला, वाकलेला, कडवट. चारशेच्या आसपास माणसं आहेत, वर जाणारी, खाली पडणारी. निळा रंग अंगावर येतो, अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा आहे तो, महागडा. छताच्या वेळी रंगाचा खर्च त्याच्या खिशातून होता म्हणून तिथे हा हात आखडलेला आणि इथे बिल पोपच्या नावावर म्हणून सढळ, असं सांगतात. मला हे कारण एकदम पटतं.

खाली उजव्या कोपऱ्यात जा. गाढवाचे कान असलेला एक माणूस, अंगाला सापाने विळखा घातलाय आणि साप चावतोय कुठे ते झूम केल्यावर कळेल, मी लिहीत नाही. हा नरकाचा न्यायाधीश मिनोस, पण चेहरा पोपच्या दरबारातल्या बियाजो दा चेझेना या अधिकाऱ्याचा. चित्र पुरं व्हायच्या आधी त्याने नाक मुरडलं होतं की असली उघडी माणसं देवाच्या घरात नाही, हमामखान्यात आणि दारूच्या गुत्त्यात शोभतात. मग हा असा बसला. तो पोपकडे रडत गेला तर पोप म्हणाला म्हणे, नरकात माझा हुकूम चालत नाही. खरं खोटं देव जाणे, पण पावणेपाचशेच्या वर वर्षं झाली, बियाजोची ओळख तेवढीच उरलीये.

शेवटी बियाजोचंच म्हणणं खरं ठरलं म्हणा ना. 1564 च्या जानेवारीत चर्चने ठरवलं की अंगं झाका, फेब्रुवारीत मायकेलअँजेलो वारला, आणि त्याचाच शिष्य दानिएले दा वोल्तेर्रा याने कपडे चढवायचं काम घेतलं. रोमवाल्यांनी त्याला चड्ड्यावाला असं नाव पाडलं, ते त्याला आजवर चिकटलंय. बिचारा स्वतः चांगला चित्रकार होता. दुरुस्तीच्या वेळी नंतरच्या काळातली फडकी काढली पण त्याची ठेवली, तो पण आता इतिहासच. संत बर्थलमय शोधा, स्वतःची सोलून काढलेली कातडी हातात धरून बसलाय, त्या लोंबत्या कातडीवर जो चेहरा आहे तो मायकेलअँजेलोचा स्वतःचा मानतात. झूम केल्यावर तो चेहरा काही सुखाचा वाटत नाही.

जिथे टूर सपशेल हरते ती जागा त्याच भिंतीच्या डोक्यावर आहे. योना, बायबलमधला माशाने गिळलेला तो. छत तिथे पुढे, आपल्याकडे वळत येतं, आणि त्या पुढे येणाऱ्या भागावर मायकेलअँजेलोने योनाला मागे रेलताना काढलंय, म्हणजे दगड पुढे येतोय आणि माणूस मागे जातोय, जुन्या लोकांनी याचंच सगळ्यात जास्त कौतुक केलं. स्क्रीनवर? काही नाही. एक धिप्पाड माणूस तिरका बसलाय. स्क्रीन सपाट, तिला दगडाचा बाक दाखवताच येत नाही, कितीही झूम करा. वेदीची भिंतही वरच्या बाजूला सुमारे फूटभर पुढे झुकलेली बांधून घेतली होती, धूळ बसू नये म्हणून, तेही टूरमध्ये कळत नाही. मावसबहिणीला योनाबद्दल मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "तो वरचा? अगं तो अंगावर पडतो की काय असं वाटतं." तिला नावही माहीत नव्हतं, पण तिला दिसलं आणि मला नाही.

शेजारच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाची 2024 मध्ये नवीन डिजिटल प्रतिकृती आलीये, मायक्रोसॉफ्ट आणि इकोनेम यांनी ड्रोन, कॅमेरे, लेझर लावून चार लाखांवर फोटोंतून केलेली, त्यात म्हणे घुमटाजवळ जाऊन मोझेकचा एकेक खडा बघता येतो. ती त्रिमितीय आहे तेव्हा बाक वगैरे कळायला हवा. बघायला घेतलीये, आमचं नेट तिथे सारखं गटांगळ्या खातंय, झाली की लिहिते.